केजीच्या पहिल्या महिन्यात रोज एकच तास शाळा: नोकरीवाल्यांनी कसं जमवायचं?

रानजाई
लेक या जूनमध्ये केजी-१ ला जाणार. परवा शाळेचं परिपत्रक हातात पडलं. मोठ्यांची शाळा जूनच्या पहिल्या आठवड्यात, केजीची त्यानंतर आठवड्याने, आणि तीही एकदम सगळ्यांची नाही. वर्गाचे अ आणि ब असे दोन गट. पहिल्या आठवड्यात एक दिवस अ, एक दिवस ब, वेळ नऊ ते दहा. दुसऱ्या आठवड्यात रोज, पण तासभरच. मग दीड तास, मग दोन तास. नऊ ते बारा अशी पूर्ण शाळा जुलै लागल्यावर.

आम्ही गोव्यात फोंड्याला राहतो. मी वेर्ण्याला औषध कंपनीत अकाउंट्सला, साडेआठला पंचिंग. नवरा कळंगुटला हॉटेलात फ्रंट ऑफिसला, शिफ्ट फिरती. सासूबाई सावंतवाडीला, आणि म्हैस सोडून त्या येत नाहीत. माहेर कोल्हापूर. लेक दीड वर्षाची असल्यापासून एका काकींकडे पाळणाघरात जाते, तिथे ती खूश असते. पण काकी नेणं-आणणं करत नाहीत. त्यांचंही बरोबर आहे, बाकीची बाळं कुणाच्या भरवशावर ठेवणार?

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हिला घराबाहेर राहायची सवय आहे, तेव्हा पहिल्या दिवसापासून पूर्ण वेळ घ्या, असं शाळेला सांगावं का? आणि तुम्ही हे कसं जमवलंत? जूनअखेरीस आमचं तिमाहीचं क्लोजिंग असतं, त्या आठवड्यात रजा मागायची सोय नाही.

साळ_नदी
धाग्याबद्दल आभार. मडगावहून मीही वेर्ण्यालाच जातो, त्यामुळे साडेआठचं पंचिंग म्हणजे काय ते माहीत आहे. आमचा मुलगा मागच्या वर्षी लागला. माझं मत सरळ आहे: एक तासाची शाळा ही शाळाच नव्हे. पोराला रेनकोट चढवा, गमबूट घाला, नेऊन सोडा, रेनकोट सुकतोय न सुकतोय तोच परत चढवा. घरी कुणीतरी बसलेलं आहेच असं धरून ही वेळापत्रकं केलेली असतात. फी मात्र जूनची पूर्ण.

तांबडी_माती
साळ_नदी, फी अर्धी केली असती तर एका तासाची शाळा गोड लागली असती का? (हलकेच घ्या.)

जुन्या_बाई
मी म्हापशाच्या बाजूला केजीला शिकवत होते, आता निवृत्त आहे. शाळेची बाजू मांडते, नंतर शाळेचं कुठे चुकतं तेही सांगते.

वर्गात पंचवीस मुलं, एक टीचर, एक आया. पहिल्या दिवशी पंचवीसही एकदम आली तर टीचर फक्त दार सांभाळते. रडणं लागट असतं. एकाने सूर लावला की जे मजेत खेळत होते तेही आठवण झाल्यासारखे सुरू होतात. दहा-बारा मुलं असली तर त्याच तासात मला किती काय कळायचं! कोण शू लागली की सांगतो, कोण नुसता कोपऱ्यात जाऊन उभा राहतो, कुणाला डब्याचं झाकण उघडता येत नाही, कोण संधी मिळताच फाटकाकडे धावतो. हे आधी कळलं की पुढचं वर्ष सुरळीत जातं. म्हणजे हा महिना मुलाला शाळेची सवय व्हावी म्हणून असतो, तितकाच टीचरला मुलाची ओळख व्हावी म्हणूनही असतो. पालकांना हे कुणी सांगत नाही, आणि त्यांना वाटतं शाळा टाळाटाळ करतेय.

रानजाई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. पाळणाघरात राहणारी मुलं पहिल्या दिवशी टाटा करून आत जातात, टीचर आणि आई दोघी निर्धास्त होतात, आणि साधारण तिसऱ्या आठवड्यात ते मूल सकाळी चप्पल घालायला नकार देतं. कारण तिला सवय त्या काकींची आहे, त्या खोलीची आहे. शाळा नवीनच. म्हणून सरसकट पूर्ण वेळ मागू नका. शाळा बहुतेक देणारही नाही.

आता शाळेचं कुठे चुकतं. एक दिवस आड हा प्रकार मला कधीच पटला नाही. तीन वर्षांच्या मुलाला ‘उद्या नाही, परवा’ हे समजत नाही. मधला दिवस घरी गेला की तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिला दिवस. त्यापेक्षा दोन्ही गट रोज बोलवावेत, अ नऊ ते दहा, ब साडेदहा ते साडेअकरा. टीचरला तेवढंच काम पडतं, मुलांची घडी लवकर बसते. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत हे मागा. मागण्यासारखं आहे.

रानजाई
बाई, खूप आभार. साडेदहा ते साडेअकराचा गट असता तर निदान अर्ध्या दिवसाच्या रजेत बसलं असतं. नऊ ते दहा हे ना सकाळ ना दुपार. दहाला आणून काकींकडे सोडून बोरीच्या पुलावरून वेर्ण्याला पोचेपर्यंत अकरा वाजून जातात, आणि पुलावर ट्रक अडकला तर विचारायलाच नको.

बांबोळी_नाइट
मी सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स. ज्या माता सरकारी नोकरीत आहेत त्यांनी बालसंगोपन रजा विसरू नये. केंद्राच्या नियमांप्रमाणे संपूर्ण नोकरीत ७३० दिवस, दोन मुलांपर्यंत, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत. पहिले ३६५ दिवस पूर्ण पगार, पुढच्या ३६५ दिवसांना ८० टक्के. एकट्याने मूल वाढवणाऱ्या वडिलांनाही २०१८ पासून मिळते. पण एका वेळी किमान पाच दिवस घ्यावी लागते आणि वर्षातून साधारण तीनदाच. म्हणजे दहा वाजता पळत जाऊन मुलाला आणायला ती कामाची नाही. अख्खा आठवडा उचलायचा असेल तरच उपयोग. मी पहिला आठवडा न घेता तिसरा घेतला, कारण पहिल्या आठवड्यात कुणीही हौसेने मदत करतं. मावशी येते, शेजारीण येते, फोटो निघतात. तिसऱ्यात कुणी नसतं.

बाकी नाइट करून सकाळी आठला सुटायचं आणि तसंच शाळेच्या फाटकाशी उभं राहायचं, हे कुणाला सुचवणार नाही. मी केलं. झोप उभ्या उभ्या लागते.

तांबडी_माती
इतके प्रतिसाद झाले, एकानेही विचारलं नाही म्हणून मी विचारते. नवरा कळंगुटला हॉटेलात आहे ना? मग जून म्हणजे त्याचा ऑफ-सीझन. गोव्यात जूनमध्ये शॅक (किनाऱ्यावरच्या हंगामी खानावळी) उतरलेले, मासेमारीचे ट्रॉलर बंद, हॉटेलं रिकामी. रजा सगळ्यात आधी त्यालाच मिळायला हवी. तुमचं मात्र नेमकं जूनअखेरचं क्लोजिंग. तरी परिपत्रक वाचून धागा तुम्ही काढलात.

रानजाई
तांबडी_माती, बोचलं, पण बरं केलंत. त्याला दाखवला प्रतिसाद. त्याचं म्हणणं, ऑफ-सीझनला कंत्राटी माणसं कमी करतात, उरलेल्यांवर ड्यूटी वाढते. ते खोटं नाही. पण साठलेल्या रजा पावसाळ्यातच संपवा असा तगादाही व्यवस्थापन लावतं, हेही त्यानेच मागच्या वर्षी सांगितलं होतं. आज रात्री बोलणार आहोत.

बागाचा_शॅकवाला
नमस्कार मंडळी. वाचत असतो, लिहीत नाही. हा धागा बघून राहवलं नाही.

आमचा शॅक ३१ मेपर्यंत. मग खांब, पत्रे, झावळ्या सगळं उतरवून घरी. जून ते सप्टेंबर मी मोकळा. बायको बँकेत, तिला मोकळीक नाही. त्यामुळे दोन्ही पोरांची केजी मी लावली. आमच्या शाळेच्या दारात जूनमध्ये पपाच जास्त दिसतात. एक वॉटरस्पोर्ट्सचा, एक टॅक्सीवाला, एक ट्रॉलरवर असतो तो (त्यांची १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद). एक तास आम्ही समोरच्या चहाच्या टपरीवर बसायचो. टीचरनेच एकदा म्हटलं, पपा सोडायला आले की पोरं कमी रडतात. कारण मला ठाऊक नाही. मी पाठ फिरवून चालू पडायचो, बायको खिडकीतून बघत राहायची, एवढाच फरक.

आम्ही एक जमवलं ते सांगतो. गटातल्या चार घरांत आईबाप दोघे कामावर. मी आणि टॅक्सीवाला, आम्ही दोघांनी ती चार पोरं दहाला उचलून ज्याच्या त्याच्या ठिकाणी सोडायची. कुणी आजीकडे, कुणी पाळणाघरात. पैसे घेतले नाहीत, पण डिसेंबरात शॅकवर माणूस कमी पडला तेव्हा त्यातल्याच एकाचा भाऊ येऊन गल्ल्यावर बसला. रानजाईताई, तुमचा प्रश्न तासांचा नाहीच. पाळणाघर आहे, शाळा आहे. मधली दहा वाजताची एक फेरी नाही. ती फेरी कोण मारणार तेवढंच शोधा.

साळ_नदी
शॅकवाले दादा, हे शंभर टक्के. आमचंही घोडं तिथेच अडलं होतं. शेवटी ओळखीचा रिक्षावाला लावला. पण सव्वातीन वर्षांच्या पोराला एकट्याला रिक्षात बसवायला बायको तयार नव्हती, मीही नव्हतो. मग पाळणाघरातली मुलगी रिक्षातून यायची, पोराला घेऊन जायची. तिला वेगळे पैसे. महिनाभराचं तेवढं परवडलं.

कंपन्यांबद्दलही बोलूया का जरा? २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीने ५० किंवा त्याहून जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायला हवं. वेर्ण्यात ५० माणसांच्या वरचे कारखाने थोडे आहेत का?

रानजाई
आमच्याकडे आहे हो पाळणाघर. एक खोली, एक घसरगुंडी आणि ऑडिटच्या फायलींचे खोके. पण ते झकास असतं तरी माझं काय? शाळा फोंड्याला. दहाला तिला घेऊन वेर्ण्याला आणायची कुणी? म्हणजे पुन्हा शॅकवाले दादांची दहाची फेरी.

स्विंडनकर
मूळ गाव पेडणे, सध्या इंग्लंडात स्विंडन. इथे गोंयकार इतके आहेत की रविवारी बाजारात कोकणीच ऐकू येते. इथे मुलं चार पूर्ण झाली की त्यानंतरच्या सप्टेंबरात रिसेप्शनला (शाळेच्या पहिल्याच वर्गाला) जातात, आणि असाच टप्प्याटप्प्याचा प्रकार इथेही असतो. पहिले काही दिवस सकाळ, मग जेवणापर्यंत, मग पूर्ण. नोकरी करणारे आईबाप इथेही असेच वैतागलेले असतात.

फरक एक आहे. इंग्लंडच्या शाळाप्रवेशाच्या नियमावलीप्रमाणे चौथ्या वाढदिवसानंतरच्या सप्टेंबरपासून मुलाला पूर्ण वेळ जागेचा हक्क आहे. अर्धवेळ पाठवायचं की नाही हे पालकांनी ठरवायचं, आणि मूल सक्तीच्या शालेय वयाचं होईपर्यंत, म्हणजे पाच पूर्ण झाल्यानंतरच्या सत्रापर्यंत, तशी मुभा असते. आमच्या शाळेने पत्रात हे काही लिहिलं नव्हतं. एका पोलिश आईने ऑफिसात जाऊन विचारलं, तिला पूर्ण वेळ मिळाला, मग बातमी पसरली. आम्ही मात्र अर्धा वेळच ठेवला, कारण नवरा तेव्हा रात्रपाळीला होता आणि सकाळी घरी असायचा.

जुन्या_बाई
स्विंडनकर, आपल्याकडे तसा हक्क दाखवता येणार नाही. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, तो सहा ते चौदा वर्षांसाठी. केजी त्याच्या आधीची. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं असा पायाभूत टप्पा धरला, त्यात केजी आली, पण घंटा किती वाजता द्यायची हे धोरणात नसतं. ते शाळाच ठरवते. म्हणून भांडण्यापेक्षा बैठकीत बोलून वळवणं सोपं.

डिचोलीची_आजी
मोबाइलवर टाइप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

मी दोन नातवंडांची केजी पार पाडली. एक पणजीत, एक फोंड्यात. तेव्हा आज्यांच्या वतीने बोलते. आजी म्हणजे फुकटची रजा नव्हे गो. मुलगा मे महिन्याच्या शेवटी फोन करतो, ‘आई, जूनमध्ये येशील ना?’ अरे, जूनमध्ये आमच्याकडे छपराची डागडुजी, लाकडं आत घ्यायची, ह्यांच्या गोळ्या. मार्चमध्ये सांगितलं असतं तर सगळं आधी उरकलं असतं.

आणि त्या एका तासाचं कुणी बोलतच नाही. शाळेत सोडलं नऊला. घर लांब. जाऊन परत यायचं तर तासात होत नाही. मग आजी कुठे बसणार? आमच्या पणजीच्या शाळेबाहेर बसायला कट्टासुद्धा नव्हता, फाटकाला कुलूप, वर आषाढाचा पाऊस. मी पोरीच्या बाईंना स्पष्ट सांगितलं, आत शेडखाली दोन बाकं टाका, आम्ही आवाज करणार नाही. टाकली. दुसऱ्या दिवशी तिथे सहा आज्या आणि एक आजोबा. मग काय, रोज कुणी भाकरी आणते, कुणी फणसाचं साट आणते. शाळा पूर्ण वेळ सुरू झाली तेव्हा आम्हालाच वाईट वाटलं.

येणार असाल तर आजीला तीन गोष्टी द्या: घराची वेगळी किल्ली, रिक्षाचे पैसे रोजच्या रोज (मागायला लावू नका), आणि दर दहा मिनिटांनी ‘रडतेय का?’ असा फोन करू नका.

तांबडी_माती
आजी, दंडवत. फणसाच्या साटासाठी मी बिनमुलाची त्या बाकावर येऊन बसेन.

बांबोळी_नाइट
आजींना +१०१. शेवटच्या वाक्याला विशेष.

कारकून_दक्षिण
मी एका शाळेच्या ऑफिसात आहे. कुठल्या ते सांगत नाही, उद्या धागा मुख्याध्यापिकांपर्यंत जायचा.

परिपत्रक उशिरा का येतं? कारण मेअखेरपर्यंत प्रवेश हलत असतात. कुणी दोन ठिकाणी नाव घालून ठेवतं, कुणाची बदली होते, एखादी आया सोडून जाते. यादी पक्की झाल्याशिवाय गट पडत नाहीत. पण टप्प्यांचं वेळापत्रक दरवर्षी तेच असतं. ते प्रवेशाच्या वेळीच सांगता येतं, फक्त कुणी विचारत नाही. पुढच्या वर्षी ज्यांची मुलं लागणार आहेत त्यांनी फॉर्म भरतानाच विचारा: केजी कधीपासून, किती तास, किती आठवडे. लेखी मिळालं तर उत्तम.

गट बदलून हवा असेल तर यादी फलकावर लागण्याआधी या. आधी आलात तर पेन्सिलीने खोडायचं काम असतं. नंतर आलात तर ‘मग आम्हालाही’ म्हणून दहा पालक उभे राहतात. ‘दोघी एकाच पाळणाघरात जातात, एकाच गटात घाला म्हणजे एकच माणूस नेईल’ हे कारण ऑफिसला लगेच पटतं. ‘मला कामावर जायचंय’ हे पटत नाही, कारण तेही कामावरच आलेले असतात.

आणि शॅकवाल्यांसारखं कुणी दुसरं मुलाला नेणार असेल तर पत्र आणि फोटो द्यावाच लागतो. नावं, नंबर, दोन्ही पालकांच्या सह्या. ‘फोन करून सांगितलं होतं’ यावर आम्ही मूल सोडत नाही, मग रागवा नाहीतर काही करा. पर्यायी माणसाचंही नाव आधीच देऊन ठेवा. टॅक्सी बंद पडते, माणसाला ताप येतो.

बालरथाबद्दल (शाळेच्या बसबद्दल) विचारणा होईलच म्हणून सांगतो. आमच्या शाळेचा बालरथ मोठ्यांच्या घंटेवर चालतो. दहाची फेरी तो मारत नाही.

साळ_नदी
कारकून साहेब, ‘तेही कामावरच आलेले असतात’ हे वाक्य मी फ्रेम करून लावणार आहे. पण मग हेही सांगा, शाळेत केजीच्या टीचरची स्वतःची मुलं केजीला असतील तर ती काय करते?

कारकून_दक्षिण
आमच्याकडच्या एकीने आईला चोडणहून आणलं होतं. दुसरीने मुलाला आमच्याच शाळेत घातलं, तो तासभर शाळा करून उरलेला वेळ माझ्या टेबलाखाली स्टॅम्प पॅडशी खेळायचा. अजून एका रजिस्टरवर जांभळा हात आहे.

रानजाई
अपडेट.

काल शाळेत जाऊन आले. पूर्ण वेळ मागितलाच नाही, बाईंचं ऐकून. एक दिवस आडऐवजी रोज घ्या असं सुचवलं, त्यावर ‘यंदा ठरलंय, पुढच्या वर्षी बघू’. पालक-शिक्षक संघाच्या पहिल्या सभेत पुन्हा काढणार. गट मात्र बदलून मिळाला. काकींच्याच पाळणाघरातला एक मुलगा त्याच वर्गात आहे, तो ब मध्ये होता, ही अ मध्ये. कारकून दादांनी दिलेलं कारण शब्दशः वापरलं. पाच मिनिटांत काम झालं.

नवऱ्याने पहिले दोन आठवडे घेतले आहेत. पूर्ण रजा नाही, त्याने दुपारची शिफ्ट मागून घेतली, दोनला हजर व्हायचं. तो दोन्ही मुलांना दहाला उचलून काकींकडे सोडेल आणि साडेअकराला कळंगुटकडे निघेल. त्या मुलाची आई शिक्षिका आहे, माध्यमिकला, तिला तिसऱ्या आठवड्यात मधले दोन तास मोकळे मिळतील असं ती म्हणते. वेळापत्रक अजून हातात नाही. माझी एक अर्ध्या दिवसाची रजा मी पहिल्या दिवसासाठी राखली आहे. त्या दिवशी नवऱ्याने एकट्याने जावं असं शॅकवाले दादांच्या प्रतिसादावरून दिसतंय, पण ते मला जमणार नाही. खिडकीतून बघणार नाही एवढं कबूल.

जुन्या_बाई
छान जमवलंत. दोन गोष्टी आताच लिहून ठेवा. पहिली म्हणजे सोमवार. शनिवार-रविवार घरी राहून आलेलं मूल सोमवारी पहिल्या दिवसासारखं रडतं. म्हणून सोमवारी ज्याला घाई आहे त्याने सोडायला जाऊ नये. दुसरी म्हणजे चतुर्थी. जुलै-ऑगस्टमध्ये घडी बसते, आणि मग गणपतीच्या सुट्टीत घरभर माणसं, गणपतीवर बांधायची माटोळी, फटाके, रात्रीची जागरणं. त्यानंतर शाळा उघडते तेव्हा निम्मा वर्ग पुन्हा जूनच्या पहिल्या दिवसांवर गेलेला असतो. त्या दोन-तीन दिवसांसाठी एखादी रजा शिल्लक ठेवा. या गोष्टीसाठी शाळा वेगळं परिपत्रक काढत नाही.

साळ_नदी
जुलैत पावसाचाही हिशेब धरा. २०२४ च्या जुलैत रेड अलर्टमुळे शाळांना सुट्टी जाहीर झाली होती. शाळा बंद, ऑफिस चालू. त्या दिवशी पाळणाघर चालू असतं का हे काकींना आधीच विचारून ठेवा. आमच्या पाळणाघरवालीने त्या दिवशी दार उघडलं नव्हतं. तिच्या अंगणात पाणी होतं, तिला काय बोलणार.

रानजाई
विचारलं आत्ताच. काकी म्हणतात, ‘माझ्याकडे येता आलं तर आणा, मी कुठे जातेय?’

आता फक्त जूनचा शेवटचा आठवडा उरला. नवऱ्याची शिफ्ट बदलते, माझं क्लोजिंग, आणि ती शिक्षिका तेव्हा युनिट टेस्टमध्ये. वेळ नऊ ते अकरा, म्हणजे अकराला दोन मुलांना शाळेतून उचलून ढवळीला सोडायचं आहे, पाच दिवस. फोंडा, कवळे, ढवळी, बांदोडा या बाजूचं कुणी असेल, त्याच वेळी शाळेत येणारं, तर कृपया निरोप करा. रिक्षाचे पैसे देणार, आणि पत्र-फोटो वगैरे सगळं रीतसर.

डिचोलीची_आजी
माझी भाची कवळ्याला असते. तिच्या धाकट्याला यंदाच केजीत घातलाय, शाळा कुठली ते विचारते. तीच निघाली तर ती स्कूटरवर दोन मुलं नेणार नाही, पण तिचे सासरे गाडी काढतात रोज, देवळात जायला. उद्या सकाळी फोन करते, आत्ता ती झोपली असेल.